अडीच डॉलरच्या पुतळ्या

“घरात चुंबक आहे का हो तुमच्या?”

शेवडेकाका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, तुम्ही कुठल्या नाही, काही नाही.

२००३ सालचा उन्हाळा होता. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं आणि शेजारच्या गल्लीत गराज सेल लागला होता. तिथे एका टोपलीत मला चांदीचा डॉलर सापडला. चांगला मोठा, वर अठराशे ऐंशीच्या आसपासचं साल. विकणाऱ्या बाईनं वीस सांगितले, मी घासाघीस करून बारावर आणले आणि सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, “अरे, सव्वाशे वर्षांचं नाणं आहे हे! बावळट आहे ही बाई, यार.” तेवढ्यात शेजारी जुने पाने-पक्कड उलटेपालटे करणारा एक उंच, वाळका माणूस वळला आणि त्यानं चुंबकाचं विचारलं. मी आपली उत्साहानं घरी गेले आणि फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून आणला. नाणं टणकन उडून गणपतीच्या पोटाला चिकटलं.

“चांदी चिकटत नाही,” ते म्हणाले आणि पुन्हा पान्यांकडे वळले.

असा राग आला मला! पैसे गेले त्याचा नाही, पण निदान ‘अरेरे’ तरी म्हणावं माणसानं. संध्याकाळी दार वाजलं. दारात एक ठेंगणी, गोरीपान बाई शंकरपाळ्यांचा डबा घेऊन उभी. “मी कुमुद शेवडे. सकाळी आमचे हे काहीतरी बोलले असतील ना? मनावर नका घेऊ.” मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?” तर म्हणाल्या, “घरी येऊन सांगितलं, की एका मराठी मुलीला कुणीतरी बारा डॉलरला फसवलं. म्हटलं, म्हणजे तुम्ही तिला आणखी वर रडवलं असणार.”

शेवडेकाका पुढे चालत आणि काकू मागून डबा घेऊन जात. गावातल्या निम्म्या मराठी घरांची आणि काकूंची ओळख अशीच झाली होती.

काका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेले, त्यामुळे आमच्यासारख्या कालपरवा व्हिसावर उतरलेल्या लोकांना ते फार जुने वाटायचे. पँट पोटाच्या वर चढवलेली, शर्टाच्या आत काळ्या दोऱ्यात गळ्यात भिंग. जानवं नव्हतं, भिंग होतं. जुन्या अमेरिकन नाण्यांचं त्यांना वेड होतं, आणि वेड म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “वेड नाही, शिस्त,” म्हणायचे.

कुणी नाणं दाखवलं, की आधी ओरडायचे, “कडेनं धरा! बोटं नकोत तोंडावर.” मग टेबलावरचा दिवा तिरपा करायचे आणि नाणं त्याच्या उजेडात हळूहळू फिरवायचे. त्या वेळी समोरच्या माणसाकडे बघायचेही नाहीत. साल कोणतं, टांकसाळीचं अक्षर आहे का, गालाचा उंचवटा किती झिजलाय, मूळची झळाळी शिल्लक आहे का. मग निकाल. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या नाण्यांना दोनच भाव होते. एक धातूचा भाव, म्हणजे वितळवलं तर जेवढं सोनं-चांदी निघेल तेवढा. दुसरा नाण्याचा भाव, तो धातूच्या शंभरपटही असू शकतो, पण त्याला नाणं जसं टांकसाळीतून निघालं तसं राहावं लागतं. ते धुतलं, घासलं, त्याला भोक पाडलं, की संपलं. “मग ते नाणं नाही, नुसता तुकडा,” असं सांगून काका दिवा बंद करायचे.

आणि हे सगळं तोंडावर सांगायचे. नागपूरचा एक पोरगा इथे शिकत होता, त्यानं बहिणीच्या लग्नासाठी टीव्हीवर बघून सोन्याचं नाणं मागवलं होतं. काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “मुलामा.” संपला विषय. पोराच्या डोळ्यांत पाणी. मी नंतर भांडले त्यांच्याशी, “काका, जरा सांभाळून सांगता येत नाही का हो?” तर मला म्हणतात, “मी किंमत सांगतो. दिलासा द्यायला कुमुद आहे.”

पण या तोडून बोलण्याच्या आत काय होतं, ते मी डोरोथीबाईंच्या वेळी पाहिलं. त्यांच्या मागच्याच घरात राहणारी ही म्हातारी. नवरा वारला तेव्हा तिला एक सिगारचा डबा देऊन गेला होता आणि सांगून गेला होता, की तुझं म्हातारपण यात आहे. काका तिच्या जेवणाच्या टेबलाशी दिवसभर बसले. मी काकूंबरोबर गेले होते, म्हणजे काकूंनी मला ओढून नेलं होतं, कारण त्यांना पुढचं दिसत होतं. डबा जवळजवळ रिकामा झाला तेव्हा काका इंग्रजीत म्हणाले, “सगळं चांदीच्या भावात.” म्हातारीचा चेहरा पडला. काकूंनी काकांकडे असं पाहिलं, की मीच घाबरले. आणि मग तळाशी दहा सेंटचं एक चिमुकलं नाणं निघालं. काका दिव्यापुढे वाकले. मग उठले, हात धुऊन आले, पुन्हा बसले. मागच्या बाजूला इवलासा ‘डी’ होता, डेन्व्हरच्या टांकसाळीचा. त्या सालात तिथे ती नाणी फारच थोडी निघाली होती. डब्यातल्या बाकी सगळ्यांहून जास्त किंमत त्या एका नाण्याची होती.

त्या घटकेला काका म्हणाले असते, की सगळ्या डब्याचे तीनशे देतो, तर म्हातारीनं आशीर्वाद देऊन डबा हातात ठेवला असता. पण ते तिला घेऊन स्वतः व्यापाऱ्याकडे गेले आणि तिला रास्त भाव मिळेपर्यंत दुकानात खांबासारखे उभे राहिले. तिनं दिलेली कॉफी मात्र पाणचट होती, हे तिला सांगून आले.

आता दिवाळीचं सांगते. माझी मैत्रीण अश्विनी, तिच्याकडे लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे जमलो होतो. चौरंगावर तिनं चांदीचे जुने डॉलर मांडले होते. तिच्या नवऱ्याला ऑफिसात कुणी भेट दिलेले, आणि हिनं ते चिंच-मीठ लावून आरशासारखे लखलखीत केलेले. काका हात जोडायला वाकले आणि तसेच राहिले. “हे कुणी घासलं?”

“मी! मस्त निघाले ना काका?”

“शंभर वर्षं कुणी हात लावला नव्हता. तुम्ही एका दुपारीत वाटोळं केलंत,” असं म्हणून बाहेर जाऊन गाडीत बसले. फराळसुद्धा केला नाही. अश्विनी रडायला लागली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “तू अगदी बरोबर केलंस. लक्ष्मी मळकी कशी पुजायची? आमच्याकडे गेली कित्येक वर्षं मी काळ्याकुट्ट नाण्यांना हळद-कुंकू दाखवते. दाखवतेच नुसतं, वाहायचीसुद्धा चोरी!” सगळे हसले. त्यात त्यांची खरी खंत होती, ती कुणी ऐकली नाही. मीही नाही.

काकांचा खरा जीव होता तो सोन्याच्या पंधरा नाण्यांत. अडीच डॉलरची नाणी, आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहून लहान. एका बाजूला पिसांचा टोप घातलेला इंडियन सरदार, दुसऱ्या बाजूला गरुड. नेहमी नाण्यावरचं चित्र वर उठलेलं असतं, यात ते आत खचलेलं, चिखलात ठसा उमटावा तसं. एकूण पंधरा निघाली, साल आणि टांकसाळ मिळून. चौदा मिळवणं अवघड नव्हतं, पंधरावं म्हणजे १९११चं डेन्व्हरचं. बोनस आला की एखादं, ओव्हरटाइम झाला की एखादं, असं करत पंचवीस वर्षांत काकांनी ती जमवली. पंधरावं घेतलं तेव्हा त्यांनी नवी गाडी घ्यायचा बेत कॅन्सल केला होता. ती नाणी त्यांनी परीक्षा करणाऱ्या कंपनीकडून प्लास्टिकमध्ये सीलबंदही करून घेतली नव्हती. “मला डोळे आहेत,” म्हणायचे. साध्या अल्बममध्ये घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती आणि दसऱ्याला जाऊन बघून यायचे. एकदा मला नेलं होतं. त्या दिवशी सोन्याला बोट न लावता तासभर बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

काकूंनी विचारलं, की हे सगळं कशासाठी हो, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. “मृणालसाठी. तिच्या लग्नात तिचंच आहे.”

मृणाल त्यांची एकुलती एक मुलगी, वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला नोकरी करत होती. तिचं लग्न ठरलं ते २००७च्या उन्हाळ्यात, कोलंबसच्या एका हॉलमध्ये. काकू त्याआधी थंडीत पुण्याला जाऊन साड्या, रुखवत, सगळं घेऊन आल्या.

लग्नाच्या दिवशी मृणाल मांडवात आली तेव्हा बायकांमध्ये एकदम कुजबुज झाली. गळ्यात पुतळ्यांची माळ. लाल रेशमाच्या गोफात ओवलेली, झळझळीत, आणि प्रत्येक पुतळीवर लक्ष्मीच्या जागी पिसांचा टोप घातलेला सरदार. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लॉकर दोघांच्या नावावर होता. पुण्याला जाताना त्यांनी अल्बम रिकामा केला, तिथल्या सोनाराकडून प्रत्येक नाण्याला डाग देऊन कडी लावून घेतली, वर उजाळा दिला आणि घरी येऊन एका अक्षरानं बोलल्या नाहीत. ह्यांना सरप्राइज.

“तुम्हीच म्हणायचात ना, मृणालच्या लग्नात तिचंच आहे सगळं?” त्या हसत हसत म्हणाल्या. “आणि सोनं कुठे कमी झालं नाही हो. उलट कड्यांचं वाढलंच!”

काका पुढे गेले. गळ्यातलं भिंग काढलं. लोकांना वाटलं, बाप लेकीला जवळून बघतोय, म्हणून दोघाचौघांनी फोटोही काढले. त्यांनी एक नाणं उलटं केलं, दुसरं केलं, आणि जे शोधत होते ते डेन्व्हरचं सापडल्यावर त्यावर अंगठा ठेवून उभे राहिले. अंगठा, नाण्याच्या तोंडावर!

“बाबा, डू यू लाइक इट?” मृणालनं विचारलं.

“छान आहे,” काका म्हणाले. “आईनं छान केलंय.”

मंगलाष्टकांच्या आधी ते दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर हॉलच्या मागे, जिथे केटररची माणसं बर्फाच्या पिशव्या उतरवत होती तिथे उभे. तेच म्हणाले, “तिची चूक नाही. सोनं तेवढंच आहे, ती म्हणते ते खरं आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कुमुदला हे कधी कळता कामा नये. तू कुणापाशी बोलायचं नाहीस.” आणि कोटाची बटणं लावून कन्यादानाला गेले.

पुढच्या वर्षी सगळंच उलटं फिरलं. वसंत ऋतूत काकूंना कॅन्सरचं निदान झालं. पहिली औषधं झाली, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, मग पुन्हा औषधं, आशा चांगली आहे. आणि जुलैत काकांची नोकरी गेली. त्यांचा अख्खा विभागच बंद झाला. नोकरी गेल्यावर तोच विमा आपल्या खिशातून चालू ठेवायची जी सोय आहे, तिला इथे कोब्रा म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. दर महिन्याचा हप्ता ऐकून सुहासनं खुर्ची ओढली आणि बसला.

काकू नाही म्हणाल्या. ओरडून नाही, रडून नाही, नुसतं नाही. “झालं तेवढं पुष्कळ झालं. आता ह्यांना भिकेला लावून मला जगायचं नाही. आणि या घराला हात लावायचा नाही, ते मृणालचं माहेर आहे.” डॉक्टरांची तारीख त्यांनी फोन करून रद्द केली. काका पुन्हा तारीख घ्यायचे, या पुन्हा रद्द करायच्या. मृणाल येऊन भांडून गेली, मी हातापाया पडले. काका तर एकदा माझ्यासमोर म्हणाले, “कुमुद, मी काय करू ते तरी सांग.” साठीला आलेला तो ताठ माणूस स्वयंपाकघरात ओट्याला धरून हे विचारत होता आणि त्या गवार मोडत बसल्या होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शेवटी काकूंनीच वाट काढली. “माळ विका. मृणाल परत पाठवतेय. तुम्ही म्हणायचात ना, त्यातल्या एकाच नाण्यात गाडी येते? त्यात होत असेल ऑपरेशन आणि वर्षभराचा विमा, तर करेन. नाहीतर नाही. आणि किंमत मला तुम्ही सांगायची. दुसऱ्या कुणाचं मी ऐकायची नाही, नाण्याच्या बाबतीत तुम्ही थाप मारणार नाही.”

काकांनी आपली गाडी तोवर विकली होती, म्हणून मी त्यांना व्यापाऱ्याकडे ड्राइव्ह करून नेलं. रे नावाचा हा म्हातारा अमेरिकन कोलंबसच्या उत्तरेला एका छोट्या दुकानात बसायचा. पंधरावं नाणं काकांनी याच्याकडूनच घेतलं होतं. माळ काउंटरवर ठेवली तेव्हा त्यानं एकदा माळेकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

“काय केलंस हे, डिग?” दिगंबरचं त्यानं डिग केलं होतं.

“लग्न होतं घरात,” काका म्हणाले.

रेनं माळ उचलली आणि तराजूत ठेवली. एकत्र, सगळी, गोफ काढून. काका तराजूच्या काट्याकडे बघत होते. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना धातूचा भाव सांगितला, त्यांना आज तो ऐकायचा होता. रेनं आकडा सांगितला. विम्याचे दोन हप्ते झाले असते, फार तर तीन.

“डेन्व्हरचं वेगळं धर,” काका म्हणाले.

“त्याला वरून डाग आहे. पॉलिश केलंय. तूच सांग, तू माझ्या जागी असतास तर काय म्हणाला असतास?”

मग जे झालं ते मला आठवलं, की अजून कसंतरी होतं. ते काउंटरवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकले आणि म्हणाले, “रे, प्लीज. थोडे वाढव. माझी बायको आजारी आहे.” शेवडेकाका. डोरोथीबाईंसाठी खांबासारखे उभे राहिले होते ते. रेनं चष्मा काढून पुसला आणि खणातून आणखी काही नोटा काढून ठेवल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गाडीत बसलो. मी चावी फिरवणार तोच काका म्हणाले, “थांब. त्यानं जास्त दिलेत. त्या नाण्याची तेवढी किंमत नाही. परत देऊन येतो.” आणि खरंच दार उघडलं हो! तेव्हा मात्र माझा तोल गेला. “गप बसा काका गाडीत! बसा म्हणते ना!” मी किंचाळले. आयुष्यात मोठ्या माणसावर मी अशी ओरडले नव्हते. ते मुकाट्यानं बसले, पट्टा लावला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी काकू डोक्याला रुमाल बांधून सोफ्यावर बसल्या होत्या. आमच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी टीव्ही बंद केला.

“किती आले?”

“बावीस हजार,” काका म्हणाले.

माझ्या हातातली पर्स खाली पडली. ती उचलायच्या निमित्तानं मी वाकले आणि वाकूनच राहिले.

“बावीस? कड्या लावल्या होत्या तरी?”

“कड्यांचं काय? सोनं वाढलंच ना त्यानं,” काका म्हणाले. आवाजात जरासुद्धा फरक नाही. भिंग घालून निकाल द्यायचे त्याच आवाजात. “एकट्या डेन्व्हरच्याचेच बारा दिले. माणूस ओळखीचा आहे.”

काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “बरं. करू या ऑपरेशन.” काका आत गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

आता ते बावीस हजार आणायचे कुठून? काकांचे चांदीचे डॉलर गेले, अवजारं गेली. एका घरसामानाच्या दुकानात काका नारिंगी एप्रन घालून लोकांना स्क्रू दाखवायला लागले. आणि सप्टेंबरात त्यांनी घर विकायला काढलं. पण २००८ साल ते, कोण घेतंय घर! अंगणात ‘फॉर सेल’ची पाटी रोवली होती. काकूंची खोली मागच्या बाजूला होती आणि त्या हॉस्पिटलखेरीज बाहेर पडत नव्हत्या. हॉस्पिटलला जायच्या सकाळी काका आधी बाहेर येऊन ती पाटी उपटायचे, गराजमध्ये आडवी ठेवायचे आणि काकू परत येऊन झोपल्या, की पुन्हा रोवायचे. त्यांच्या अंगणात त्या जागी गवत उरलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ताकीद होती, कुणी काकूंपुढे ब्र काढायचा नाही.

ऑपरेशन झालं, पुन्हा औषधं झाली, तरी काकू त्या डिसेंबरात गेल्या. घर तोवर विकलं गेलं नव्हतं, म्हणजे शेवटपर्यंत त्या आपल्या घरात होत्या. एवढंच. मला हे फोनवर कळलं, कारण नोव्हेंबरात सुहासला नवा जॉब मिळून आम्ही टेक्सासला, फ्रिस्कोला गेलो होतो. मी त्या दोघांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या आठवड्यात.

काकांची दुकानात शिफ्ट होती, म्हणून काकूंना हॉस्पिटलमधून मी आणत होते. डॉक्टरांनी लवकर सोडलं. गल्लीच्या तोंडाशी वळले. पाटी अंगणात उभी होती. वर नवी लाल पट्टी, ‘किंमत कमी केली’. एजंटबाई येऊन लावून गेली असणार. मी गाडी तिथेच कडेला थांबवली. म्हटलं, “काकू, दूध घेऊन येऊ या का आधी?”

“नको,” काकू म्हणाल्या. “थांब, मी डोळे मिटते. मग घाल गाडी आत.”

मी स्टिअरिंगवरचा हात काढला.

“दर वेळी मिटते इथे आलं की. एकदा हे पाटी काढायची विसरले होते, तेव्हा दिसली. ह्यांना वाटतं, मला औषधाची गुंगी येते.”

“काकू, म्हणजे तुम्हाला...”

“माळेचे काय आले ते मला माहीत नाही गं. बावीस हजार आले नाहीत एवढं त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं संसार केला, तेवढं कळणार नाही?”

“मग ऑपरेशनला हो का म्हणालात?”

“हा माणूस नाण्याची किंमत खोटी सांगतोय, आणि ती मला बरं वाटावं म्हणून!” त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाल्या, “त्यांच्याजवळ तेवढं एकच होतं बघ. ते त्यांनी माझ्यासाठी मोडलं. त्यानंतर मी नाही कशी म्हणू?” आणि मग डोळे मिटलेले ठेवूनच त्यांनी विचारलं, “मी कड्या लावल्या, त्यानं काही झालं का गं?”

“नाही हो काकू. भावच पडलेत सगळीकडे,” मी म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या टोकाला कुणाची तरी गाडी थांबली आणि काका उतरले, एप्रन तसाच अंगावर. त्यांना आमची गाडी दिसली. ते धावत सुटले. त्या वयात, त्या थंडीत, अंगणात जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी पाटी धरली आणि हलवायला लागले. जमीन गारठून घट्ट झाली होती, निघेना. गुडघा टेकला, पुन्हा ओढली.

“काढतायत का?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“सावकाश काढू देत. पाठीत चमक भरते त्यांच्या,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.